सातवीची खालची बाजू

पहिली, वर

वर म्हणजे पाहुणे खेळतात. खाली म्हणजे घरचे. हमीदच्या बेसबॉलच्या वहीत प्रत्येक डावाचे असे दोन भाग असतात, आणि असे सात डाव झाले की मॅच संपते. एवढं मला समजतं. पण घरची टीम आधीच पुढे असेल तर सातव्या डावाची खालची बाजू खेळतच नाहीत, सरळ सामान आवरायला लागतात. हे मला समजतं पण पटत नाही. ज्यांची पाळी आहे त्यांना विचारायला नको?

शुक्रवार, सव्वीस डिसेंबर. आखातातल्या उम्म अल हस्सममधला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सांदणं वाफेवर होती आणि मशिदीतून माणसं परतत होती.

दारातूनच ओरडत दोघं आत आले.

"दोघंही आत!" हमीद, माझा नवरा.

"भाभी, गोड काय आहे? दोघंही आत!" प्रवीण. हा मशिदीतून नव्हता आला, खाली गाडीत बसून वाट बघत होता. गुहागरचा. एका ट्रान्सपोर्ट कंपनीची बस चालवतो.

"कोण दोघं? कशाच्या आत?"

"टीम गो! तुमची आणि आमची. प्लेऑफमध्ये."

सांदणाचं झाकण माझ्या हातातच राहिलं. कारण हे खरं असेल, तर तय्यबाच्या लग्नाला माझी मुलगी येणार नव्हती.

पहिली, खाली

तय्यबा माझी धाकटी बहीण. सहा फेब्रुवारीला, शुक्रवारी, श्रीवर्धनला तिचा निकाह.

आमच्या शाळकरी बेसबॉल लीगचे प्लेऑफ सहा आणि सात फेब्रुवारीला.

कुणी मुद्दाम नाही केलं. या वर्षी रमजान फेब्रुवारीच्या मध्यावर येतोय. ज्याला जे उरकायचं ते त्याच्या आधी उरकायचं असतं. लग्नवाल्यांना लग्न, लीगवाल्यांना लीग. दोघांनी कॅलेंडर बघितलं आणि दोघांना तोच शुक्रवार बरा वाटला.

लाईबा सोळा वर्षांची. उम्म अल हस्समच्या टीमची पिचर. मुलं-मुली एकत्र खेळतात, आणि तिच्या हातातून सुटलेला चेंडू मोठमोठ्या मुलांना दिसत नाही, असं म्हणतात. मलाही दिसत नाही, पण मला कुठलाच दिसत नाही.

ही लाईबा दीड वर्षाची असताना मी तिला तय्यबाकडे ठेवून इथे आले. हमीदच्या तेव्हाच्या पगारावर फॅमिली व्हिसा मिळत नव्हता. मी माझ्या व्हिसावर बुसैतीनच्या एका नर्सरीत कामाला आले, दुसऱ्यांची मुलं सांभाळायला. तय्यबा तेव्हा अठराची होती. तिने माझी सांभाळली. लाईबा साडेसहाची होऊन इकडे आली तेव्हा विमानतळावर माझ्याकडे बघून तिने हमीदला विचारलं होतं, "ही कोण?"

तेहतिसाव्या वर्षी तय्यबाचं जमलंय. तिची एकच अट आहे. मेंदीच्या वेळी लाईबा शेजारी बसली पाहिजे.

ऑक्टोबरात हमीदने घरात नियम केला. टीम प्लेऑफमध्ये गेली तर लाईबा थांबेल, तिच्यासोबत मी थांबेन, तू एकटी जा. नाही गेली तर तिघंही जाऊ. मी हो म्हटलं. टीम नवीन होती, जाईल असं वाटलं नव्हतं.

दुसरी, वर

हमीदने वही उघडली. तो एका क्लिअरिंग एजंटकडे क्लार्क आहे, पण खरा स्कोअरर. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, म्हसळा, टेनिस बॉलचे जेवढे चषक होते तेवढ्यांत बारा वर्षं त्याने स्कोअर लिहिला आणि एकदाही भांडण झालं नाही. इथे शुक्रवारच्या क्रिकेटला लिहीत बसला होता, तेव्हा कोच दांतेने त्याची वही बघितली. दांते फिलिपिनो, एका हॉटेलात नोकरीला. म्हणाला, आमचं पण लिहिशील? हमीदला बेसबॉल येत नव्हता. रन, आउट, डाव, सगळं तेच तर आहे, असं म्हणून त्याने तीन दिवसांत शिकून घेतला.

"बघ," तो मला म्हणाला. "अर्धा सीझन झाला. पाच-पाच मॅचेस. बुसैतीन चार जिंकले, आठ गुण. रिफा चार, आठ. मग आपण आणि प्रवीणचं हमद टाउन. दोन-दोन जिंकले, चार, आणि पाच डिसेंबरला आपली आपसातली मॅच धुळीने बंद पडली, तिचा एकेक. पाच-पाच. बाकीचे दोघं मागे, त्यांचे चार आणि शून्य."

"मग?"

"मग पहिले चार आत. दोघंही आत. खलास."

"पण अर्धा सीझन अजून बाकी आहे ना?"

"भाभी," प्रवीण म्हणाला, "मागच्यांना कोण वर येऊ देतोय? शून्यवाले तर बॅट उलटी धरतात."

प्रवीण हमद टाउनच्या पोरांना बसने मैदानावर नेतो-आणतो, म्हणून तो त्यांचा. त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, भाभी, ज्यांची बस चालवतो त्यांच्याविरुद्ध टाळ्या वाजवू? ब्रेक तरी लागेल का?

"किती टक्के?" मी विचारलं.

"शंभर," हमीद.

"नव्वद," प्रवीण. "दहा इंशाल्लाचे."

लाईबा खोलीतून आली. हातात ते मोठं चामड्याचं ग्लोव्ह. "अब्बा, अबाउट फेब्रुवारी—"

"थांब गो, रनरेट काढतोय. एक डाव कमी झाला असेल तर तो पूर्ण धरायचा की अर्धा?"

"अब्बा, बेसबॉलमध्ये रनरेट नसतो."

"सगळीकडे असतो. काढत नाहीत फक्त."

ती ग्लोव्ह घेऊन खाली गेली.

दुसरी, खाली

तय्यबाला फोन केला. स्वयंपाकघराचं दार लावून.

"गो, ऐक. लाईबाचं काही खरं दिसत नाही."

"का?"

"त्यांची टीम आत चालली. शंभर टक्के म्हणतात."

"अगो बाई! छान की!"

"छान काय? सहा तारखेलाच आहे."

"येईल गो ती."

"तुला काय ठाऊक?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. की मला तसं वाटलं. "ठाऊक म्हणजे, येईल आपली. तू हिरव्या बांगड्या आणतेस ना? तिकडच्या त्या बारीक?"

मी तिच्यासाठी रडवेली झालेली आणि ही बांगड्यांवर. माझी बहीण आहे की कोण, मला कळेना.

तिसरी, वर

काही झालं नाही. जेवले. हमूर मासा छान झालाय म्हणाले. रनरेट काढला, तो तीनदा वेगळा आला.

तिसरी, खाली

मी बाल्कनीत कपडे काढायला गेले तर खाली बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये लाईबा आणि सबा. सबा पाचव्या मजल्यावरची, तिच्याच टीमची. एरवी लाईबा टाकते आणि सबा पकडते. आज उलटं. सबा टाकत होती आणि लाईबा तिची बोटं धरून शिवणीवर नीट ठेवत होती. पुन्हा. पुन्हा. चेंडू भिंतीवर, एकदा एका पांढऱ्या गाडीवर. दोघी खाली बसल्या, गाडीवाला आला नाही, उभ्या राहिल्या. पुन्हा.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, बघा, ही दुसरीलाही तयार करतेय. हिला हे इतकं हवंय की एक हात पुरत नाही. आता कुठलं लग्न.

तय्यबाची मेंदी माझ्या डोळ्यांसमोर आली आणि तिच्या शेजारची गादी रिकामी.

चौथी, वर

साडेतीनला टीमच्या ग्रुपवर कोच दांतेचा कागद आला. फोटो, जरा वाकडा. हमीदने मोठ्याने वाचला, मग हळू वाचला, मग मनात वाचला.

अर्ध्या सीझनचा तक्ता. त्यात गुणच नव्हते. जिंकले किती, हरले किती, आणि त्यांचं प्रमाण. खाली दोन ओळी.

तीन टीम पुढे जातील.

पाच डिसेंबरची उम्म अल हस्सम–हमद टाउन मॅच उद्या दुपारी तीन वाजता पाचव्या डावापासून पुढे सुरू होईल, चार–चारवर.

"पुढे सुरू म्हणजे?" प्रवीण.

"म्हणजे ती संपलीच नव्हती."

"तीन आठवडे?"

"तीन आठवडे."

"पण तुम्ही तर एकेक गुण देऊन टाकलात!"

"धुळीने गेली की एकेक गुण, मी म्हसळ्यापासून—" हमीद थांबला. "आणि तीनच? चार का नाही? चार असतात. दोन सेमीफायनल, एक फायनल. तिघांत सेमी कशी लावणार?"

"एकाला नुसतं बसवून ठेवत असतील."

"बसून कोण फायनलला जातं?"

"साहेब लोक," प्रवीण म्हणाला.

हमीदला हसू आलं नाही. त्याने वहीतले पाच-पाच खोडले. बारा वर्षांत वहीत खाडाखोड नव्हती. मी ते बघितलं आणि मला त्याची दया आली, आणि त्याच वेळी माझं गणित सुरू झालं.

दोन जागा बुसैतीन आणि रिफाच्या. तिसरी एकच. तिच्यासाठी हे दोघं. एक उद्या जिंकणार, एक हरणार.

"म्हणजे आपण एकमेकांचे—" प्रवीण.

"हो."

"दुपारपासून मिठी मारून बसलोय तुम्हाला."

"सोड आता."

दोघं सोफ्याच्या दोन टोकांना सरकले. मधे वही.

चौथी, खाली

पन्नास टक्के.

मी चहात दोनदा साखर घातली. माझ्या मनात स्पष्ट वाक्य आलं, छापल्यासारखं: उद्या लाईबा हरू दे.

वाक्य माझंच होतं. मी इकडे तिकडे बघितलं.

पाचवी, वर

> लीव्ह फॉर्म
> नाव: हमीद
> पासून: ~~३० जानेवारी~~
> पर्यंत:
> कारण: ~~लग्न~~ घरगुती

हा फॉर्म रविवारी सकाळी दहाच्या आत ऑफिसात हवा. रमजानच्या आधीची सुट्टी दोन क्लार्कना हवी आहे आणि एकालाच मिळते. हमीदने तारीख दिली नाही तर ती दुसऱ्याची. एकदा गेली की मफी, मिळणारच नाही.

"तीस जानेवारी लिहिलं तर आपण तिघंही लग्नाला," हमीद म्हणाला. "आठ फेब्रुवारी लिहिलं तर प्लेऑफनंतर. आता बोल."

"मी काय बोलू? अर्धा सीझन बाकी आहे. उद्या जिंकूनही पुढे हरू शकतात."

"तेच तर. आज कुणालाच काही कळू शकत नाही. पण फॉर्म परवा हवाय."

"हमीदभाई, साधं करा," सोफ्याच्या दुसऱ्या टोकावरून प्रवीण म्हणाला. "उद्याची मॅच जिंकेल तो आत, असं धरून चाला. तुम्ही जिंकलात तर तुमची पोर थांबली. आम्ही जिंकलो तर लग्न. काय भाभी? म्हणजे उद्या तुम्ही आमच्या बाजूने."

तो गमतीने म्हणाला. मी चहाचे कप उचलले.

"ठरलं," हमीद म्हणाला. "उद्याच्या मॅचवर."

पाचवी, खाली

संध्याकाळी लाईबा वर आली, घामेजलेली.

"अम्मी, आय नीड टू टेल यू समथिंग."

"मला ठाऊक आहे."

"यू नो?"

"उद्या मॅच आहे. धूळवाली. अब्बांनी सांगितलं."

"नॉट दॅट."

"आधी आंघोळ कर. सांदणं गरम करते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे नाही बघितलं. बघितलं असतं तर माझ्या डोळ्यांत तिला ते वाक्य दिसलं असतं. हरू दे.

आंघोळीहून आली तर हमीद तिला चार–चारचं पान दाखवत बसला होता. कुठल्या पोराला चेंडू कुठे टाकला होता, कुणाचा उजवा पाय आधी हलतो. ती ऐकत होती. "अब्बा," ती मधेच म्हणाली. "उद्या," हमीद म्हणाला, "आता झोप. हाताला विश्रांती दे."

सहावी, वर

मैदान. शनिवार, पावणेचार. ऊन कोवळं, हवेला थोडी धार. लाईबाच्या टीमच्या निळ्या टोप्या, हमद टाउनच्या पिवळ्या. आम्ही तारेच्या कुंपणाला लागून खुर्च्यांवर. हमीद टेबलाशी, वही समोर, तिथे तो कुणाचा नवरा नसतो. प्रवीण पिवळ्यांच्या बाजूला बसला होता, पण डबा माझ्याकडे होता म्हणून अर्ध्या डावानंतर आमच्याकडे आला.

"भाभी, मी खायला इकडे आणि ओरडायला तिकडे."

पाचव्या डावात काही झालं नाही. चार–चार.

सहावी, वर: पिवळे खेळायला. लाईबा मधल्या उंचवट्यावर. ती चेंडू टाकण्याआधी एकदा टोपी खाली ओढते. तय्यबा सुईत दोरा ओवण्याआधी ओढणी अशीच ओढते. माझ्याकडून हे आलेलं नाही, मी ओढणी मागे टाकते. दहा वर्षं घरात बघतेय आणि हे मला त्या मैदानावर दिसलं.

तीन आउट. चार–चार.

"आता चान्स किती?" मी प्रवीणला विचारलं.

"तुमचा की आमचा?"

माझा कुणाचा, ते मला आठवेना.

सहावी, खाली

निळे खेळायला. एक पोरगा तिसऱ्या बेसवर पोचून थांबलेला, एक आउट. सबा बॅट घेऊन उभी. तिने चेंडू नुसता ढकलला, तो लंगडत लंगडत गेला, आणि तिसऱ्यावरचा पोरगा धावत घरी आला.

पाच–चार.

टाळ्यांचा आवाज आला. जवळूनच. माझे हात होते.

"भाभी!" प्रवीण म्हणाला. "काल ठरलं काय होतं?"

"चुकून."

"दोन्ही हात चुकून?"

मी हात मांडीखाली घेतले.

सातवी, वर

शेवटचा डाव. पिवळ्यांची पाळी. लाईबाला तीन आउट हवेत, मग जिंकले. मग हमीद आठ फेब्रुवारी लिहिणार. मग मी विमानात एकटी, दोन बॅगा, हिरव्या बांगड्या, आणि तय्यबा दारात माझ्या पाठीमागे बघत राहणार, अजून कोणी उतरतंय का.

पहिला आउट. पोराने तीनदा हवेत बॅट फिरवली आणि स्वतःच जाऊन बसला.

दुसऱ्याची बॅट लागली. पोरगा पहिल्या बेसवर. मग दुसऱ्यावर. मधे दुसराच एक आउट झाला, पण हा तिसऱ्यावर जाऊन उभा राहिला. आता दोन आउट आणि तो पोरगा तिथे पाय झाडत उभा. तो घरी आला की बरोबरी. पुढचा पण आला की लाईबा मागे, आणि हरली तर आम्ही तिघंही लग्नाला.

प्रवीण तिकडे ओरडायला गेला.

मी दुआसाठी हात वर केले. या अल्लाह. इथपर्यंत बरोबर आलं. पुढे काय म्हणायचं ते येईना. हरू दे, हे जिभेवर आलं आणि लाईबाने टोपी ओढली. जिंकू दे, हे आलं आणि तय्यबा दारात. मी दोन्ही एकदम मागायचा प्रयत्न केला. तसं मागता येत नाही, आयत मधेच अडकल्यासारखं होतं. माझ्या शेजारी एका मुलाची आई, अमेरिकन असावी, माझे हात बघून आदराने गप्प झाली. तिला वाटलं असेल, किती श्रद्धेने मागतेय मुलीसाठी.

शेवटी मी म्हटलं, तू बघ. मला नाही कळत.

चेंडू बॅटच्या काठाला लागून उंच गेला. सरळ वर. इतका वर की सगळे थांबले, पिवळे, निळे, तिसऱ्यावरचा पोरगा घराकडे धावत सुटला ते सोडून. लाईबा मान वर करून दोन पावलं मागे, एक पुढे. ग्लोव्ह वर.

"पकड!" कुणीतरी किंचाळलं.

अमेरिकन बाई माझ्याकडे बघत होती. किंचाळले ती मी.

तिने पकडला.

तिसरा आउट. हमीदने पेन खाली ठेवलं. निळी पोरं एकमेकांवर पडली. लगेच लोक खुर्च्या मिटायला लागले.

मी बसून राहिले. मनात चाललं होतं की अजून खालची बाजू बाकी आहे. घरच्यांची पाळी आहे. मी रात्रभर ठरवून आले होते, फॉर्म भरायच्या आधी हमीदला काय काय सांगायचं. की नियम तुम्ही केला, मी नुसती हो म्हटलं. की टीम दर वर्षी असते, तय्यबाचं लग्न एकदा. की पाच वर्षं कुणी सांभाळलं. सगळी वाक्यं एकामागे एक लावून ठेवली होती.

"चला," हमीद म्हणाला. "संपली."

"आणि खालची बाजू?"

"आपण पुढे आहोत ना. गरज नाही."

कोच दांते आला, हमीदचा हात हातात घेऊन हलवला. "गुड बुक, हमीद. डोन्ट वरी अबाउट फेब्रुवारी. सबा विल बी रेडी. एन्जॉय द वेडिंग!" आणि पुढच्या माणसाचा हात धरायला गेला.

हमीदने त्याच्या पाठीकडे बघितलं. मग माझ्याकडे. "कुठलं वेडिंग?"

"मला काय विचारता?"

लाईबा आली. गुडघ्यावर माती, चेंडू अजून ग्लोव्हमध्ये.

"कोच काय म्हणाला?" हमीदने विचारलं. "सबा का रेडी?"

"बिकॉज मी नाहीये. सहा तारखेला." तिने टोपी काढली. "मी कोचला ऑक्टोबरमध्येच सांगितलं. मग सबाला शिकवायला घेतलं. आय ट्राइड टू टेल यू, अब्बा. फोर टाइम्स. तुम्ही रनरेट काढत होता."

"आणि मला?" मी.

"काल सांगत होते ना. तू म्हणालीस, मला ठाऊक आहे."

"तय्यबाला—"

"खालाला माहीत आहे. मीच म्हटलं तिला, सांगू नको, घरी मी सांगते."

कुकरची शिट्टी. हिरव्या बांगड्या.

प्रवीण पिवळ्यांची पोरं बसमध्ये कोंबून परत आला होता. त्याने सगळं ऐकलं. "म्हणजे आम्ही काल दिवसभर टक्के कशाचे काढले?" तो म्हणाला. "हमीदभाई, मी तुमच्याशी चार तास दुश्मनी केली. फुकट?"

"गो," हमीद लाईबाला म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम छोटा झाला, "पण मग एवढं टेबल आम्ही..."

"यू वेअर सो हॅपी विथ द टेबल, अब्बा."

मी तिच्या हातातला चेंडू घेतला. का घेतला माहीत नाही. गरम होता. "आणि तुला? तुला नको होतं प्लेऑफ?"

ती मैदानाकडे बघत होती. कुणीतरी बेस उपटून गाडीत टाकत होतं. सबा उंचवट्यावर एकटी उभी राहून रिकामा हात फिरवून बघत होती.

"ऑफ कोर्स आय वॉन्ट," ती म्हणाली. तिच्या खालच्या ओठाला माती लागली होती. मग घरातल्यासारखं, हळू: "अम्मी, शाळेच्या पहिल्या दिवशी मी रडले तर खाला दिवसभर बाहेर पायरीवर बसली होती. दिवसभर. मी एक मॅच बाहेर बसू शकत नाय?"

हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी बुसैतीनला होते. दुसऱ्या कुणाचं तरी मूल रडत असेल, त्याच्याजवळ.

मी जिंकले होते. ऑक्टोबरपासून पुढे होते. आणि काल दुपारपासून मी माझ्याच मुलीच्या हातातून चेंडू निसटावा म्हणून बसले होते, त्याचं आता काय करायचं, कुणाला सांगायचं, मला समजेना. चेंडू परत दिला. तिने तो सबाकडे फेकला. या वेळी मला दिसला, सगळा, हातापासून हातापर्यंत.

"यल्ला," प्रवीण म्हणाला, "पोरं वाट बघतायत. पण हमीदभाई, एक सांगा. सहा तारखेला टीम आत असली आणि तुम्ही श्रीवर्धनला, तर वही कोण लिहिणार?"

हमीदच्या तोंडावरून मला दिसलं की या घरात ज्याला थांबायचं होतं तो कोण होता.

"मी लिहितो," प्रवीण म्हणाला.

"तू? तू एकेक गुण वाटून मोकळा होशील."

"ते तुम्ही वाटलेत!"

हमीदने खिशातून फॉर्म काढला. टेबलावर वाकून, खाडाखोडीच्या वर, तीस जानेवारी लिहिलं. कारणाच्या जागी पुन्हा लग्न. मग वही ओढली. सातव्या डावाचा खालचा चौकोन रिकामा होता.

"इथे काय लिहितात?" मी विचारलं.

"काही नाही. खेळलीच नाही म्हणून फुली."

"मी मारू?"

त्याने पेन माझ्याकडे दिलं.

सातवी, खाली

×